जावा भाषेतील मूल्य-प्रकार : मूळ लायब्ररीच्या आधुनिकीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणक-भाषांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आवृत्त्यांच्या सनावळीच्या स्वरूपात शिकविला जातो. एखाद्या भाषेने आरंभी घेतलेला निर्णय पुढे कित्येक वर्षे तिला कसा बांधून ठेवतो, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात जावा भाषेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

दुहेरी व्यवस्थेचा उगम

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली जावा १९९५ मध्ये जाहीर झाली आणि १९९६ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली. ती वस्तुनिष्ठ म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा म्हणून ओळखली गेली. परंतु इंट, डबल, बूलियन यांसारखे आठ मूलभूत प्रकार तिने ऑब्जेक्टच्या चौकटीबाहेर ठेवले. गणिती क्रिया वेगाने व्हाव्यात हा त्यामागील हेतू होता आणि तो तत्कालीन यंत्रांचा विचार करता रास्तच होता. जेथे ऑब्जेक्टच हवा तेथे इंटला गुंडाळणारा इंटिजर नावाचा वर्ग दिला गेला.

या इंटिजरला प्रत्येक ऑब्जेक्टप्रमाणे स्वतःची 'ओळख' म्हणजे आयडेंटिटी मिळाली. येथेच पुढील अडचणीचे मूळ आहे. पाच ही संख्या पाचच असते. 'हा पाच' आणि 'तो पाच' असा भेद गणितात नाही. जावामध्ये मात्र तो निर्माण झाला.

२००४ च्या जावा ५ या आवृत्तीत जेनेरिक्स आणि ऑटोबॉक्सिंग या सोयी आल्या. इंटचे इंटिजरमध्ये रूपांतर आपोआप होऊ लागले, त्यामुळे दरी बुजल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात ती झाकली गेली होती. −१२८ ते १२७ या मर्यादेतील संख्यांसाठी तयार ऑब्जेक्ट पुन्हा वापरले जातात. म्हणून ऑटोबॉक्सिंगने तयार झालेले १२७ चे दोन इंटिजर दुहेरी बरोबर-चिन्हाने समान ठरतात, तर १२८ चे दोन सामान्यतः असमान ठरतात. हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहिले की विद्यार्थी हसतात. 'पण असे का?' या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक कमी आणि ऐतिहासिक अधिक आहे.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पने वेगळी वाट धरली होती. २००२ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच तिच्यात स्ट्रक्ट हा मूल्य-प्रकार होता, आणि २००५ मध्ये आलेल्या तिच्या जेनेरिक्समध्ये संख्यांची यादी बॉक्सिंगविना ठेवता येत असे. जावाने मात्र जुने संकलित प्रोग्राम अबाधित राहावेत म्हणून जेनेरिक्सची प्रकार-माहिती संकलनानंतर पुसून टाकण्याचा मार्ग स्वीकारला. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. तथापि, ज्यांचे प्रोग्राम त्यामुळे विनासायास चालत राहिले, त्यांचा विचार टीकाकारांनी पुरेसा केला असे वाटत नाही.

बदललेले यंत्र

दरम्यान यंत्राचे अर्थकारण पालटले. १९९० च्या दशकाच्या आरंभी मेमरीतून मूल्य आणणे व बेरीज करणे यांच्या खर्चात फारसे अंतर नव्हते. पुढे प्रोसेसर इतके वेगवान झाले की मेमरीतून आणणे शेकडो पटींनी महाग ठरू लागले. ६४ बिटांच्या जेव्हीएमवर इंटला ४ बाइट पुरतात. इंटिजरला सर्वसाधारणपणे १६ बाइट व त्याच्या संदर्भाला आणखी ४ बाइट लागतात. दहा लाख संख्यांसाठी ४० लाख बाइटऐवजी सुमारे दोन कोटी बाइट खर्ची पडतात. शिवाय ते ऑब्जेक्ट मेमरीत विखुरलेले असू शकतात, हे अधिक नुकसानकारक.

लायब्ररीची पूर्वतयारी

ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी ताब्यात घेतल्यानंतर, २०१४ मध्ये ब्रायन गोएट्झ यांच्या नेतृत्वाखाली प्रोजेक्ट वल्हाला सुरू झाला. लिहिताना वर्गासारखा आणि चालताना इंटसारखा असा प्रकार घडविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रारंभी जेव्हीएममध्ये मूल्यांसाठी स्वतंत्र आदेश योजले गेले. पुढे ते बाजूला सारून, वर्गाने केवळ आपली ओळख सोडावी, या सोप्या कल्पनेपर्यंत हे संशोधन आले.

लायब्ररीतील पूर्वतयारी विशेष अभ्यासनीय आहे. २०१४ च्या जावा ८ मधील लोकलडेट व ऑप्शनल या वर्गांच्या दस्तऐवजातच, त्यांच्या ओळखीवर विसंबू नये, अशी सूचना होती. म्हणजे सुविधा येण्याआधी शिस्त आली. २०१७ च्या जावा ९ मध्ये इंटिजर आदी वर्गांचे कन्स्ट्रक्टर त्याज्य ठरविले गेले. २०२१ च्या जावा १६ मध्ये ते काढून टाकण्याच्या यादीत गेले आणि अशा ऑब्जेक्टवर कुलूप म्हणजे सिंक्रोनाइझेशन वापरणाऱ्यास संकलकाकडून इशारा मिळू लागला.

जेईपी ४०१ या प्रस्तावानुसार हेच वर्ग मूल्य-वर्ग होतात. त्यांच्या बाबतीत दुहेरी बरोबर-चिन्ह पत्ते न पाहता आतील मूल्ये पाहते. त्यांवर कुलूप लावू पाहणारा प्रोग्राम चालू असताना अपवाद फेकतो. स्ट्रिंग मात्र आपली ओळख राखूनच राहते. त्यामुळे दुहेरी बरोबर-चिन्ह आणि इक्वल्स यांतील फरक सांगा, या परीक्षेतील ठरलेल्या प्रश्नाला 'कोणत्या वर्गासाठी?' असा प्रतिप्रश्न विद्यार्थ्याने केला, तर परीक्षकाला तो चूक ठरविता येणार नाही.