मृत्युसमीप अनुभव व ख्रिस्ती स्वर्गश्रद्धा

हृदयक्रिया बंद पडणे, बुडणे, अपघात किंवा गंभीर आजार यांमुळे मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन परतलेल्या काही व्यक्ती त्या अवस्थेतील जो स्पष्ट व सुसंगत अनुभव सांगतात, त्याला मृत्युसमीप अनुभव म्हणतात. स्वतःचे शरीर वरून पाहणे, अंधाऱ्या वाटेने प्रकाशाकडे जाणे, मृत आप्तांची भेट, गतायुष्याचे दर्शन आणि परत फिरण्याची आज्ञा हे त्यात वारंवार येणारे घटक होत. अमेरिकेतील रेमंड मूडी यांच्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ (1975) या पुस्तकामुळे ही संज्ञा रूढ झाली. अनुभव मात्र फार जुना आहे.

नव्या करारात अशा वर्णनांची अपेक्षा धरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. चार दिवस कबरेत राहून उठलेल्या लाजराने काय पाहिले, याबद्दल योहानाचे शुभवर्तमान अक्षरही सांगत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या एका माणसाविषयी लिहितो. तो माणूस स्वतः पौलच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु तिथे ऐकलेले शब्द माणसाने बोलू नयेत, असे म्हणून तो थांबतो. ख्रिस्ती आशेचा पाया येशूचे पुनरुत्थान हा आहे. परतून आलेल्या कुणाच्या साक्षीवर ती उभी नाही, आणि या विषयावरील पुढचे सगळे वाद समजून घेताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

मध्ययुगात हे मौन सुटले. पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘संवादां’च्या चौथ्या भागात स्टीफन नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची हकिकत आहे. तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये मरण पावला. परलोकात त्याला न्यायाधीशापुढे उभे केले, तेव्हा ‘हा नव्हे, स्टीफन लोहार आणायला सांगितला होता’ अशा अर्थाचा निवाडा झाला. तो जिवंत झाला आणि त्याच घटकेला शेजारचा लोहार मेला. पुढे रोममधील साथीत हा स्टीफन खरोखरच वारला. त्याच साथीत मृतवत होऊन परतलेल्या एका सैनिकाने काळ्या, दुर्गंधीयुक्त नदीवरचा पूल व पलीकडची फुललेली कुरणे पाहिली. पुलावर स्टीफन घसरला होता. काळे पुरुष त्याला खाली ओढत होते, शुभ्रवस्त्रधारी वर खेचत होते. निकाल लागण्याआधीच सैनिक शुद्धीवर आला. ग्रेगरीने तो निकाल स्वतः लावला नाही, यातच या कथेचे मोठेपण आहे.

नावाची गफलत होऊन परत पाठवले जाण्याचा हा प्रकार मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. सतवंत पसरिचा व इयन स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये भारतातील 16 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतही यमदूत, चोपडी उघडून बसलेला लेखनिक आणि ‘चुकीचा माणूस आणला’ हा शेरा आढळतो. अनुभवाचा सांगाडा समान असला, तरी त्याचे रूप ज्याच्या त्याच्या परंपरेतून येते, असे म्हणण्यास यामुळे सबळ आधार मिळतो.

इंग्लंडमध्ये बीड या मठवासी इतिहासकाराने 731 च्या सुमारास पूर्ण केलेल्या चर्चच्या इतिहासात ड्रिथेल्म या नॉर्थंब्रियातील गृहस्थाची कथा दिली आहे. रात्री मेलेला ड्रिथेल्म पहाटे उठला, संपत्ती वाटून मठात गेला आणि गोठणाऱ्या नदीत उभा राहून स्तोत्रे म्हणू लागला. बीडच्या दृष्टीने त्याचे बदललेले आयुष्य हाच दर्शनाचा पुरावा होता.

वैद्यकीय संशोधनात पिम व्हान लोमेल यांचा 2001 चा डच अभ्यास पायाभूत मानला जातो. हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी, म्हणजे 18 टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. रुग्ण धार्मिक होता की नव्हता, याने त्यात फरक पडलेला दिसला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मेंदूच्या शंखखंडातील (टेम्पोरल लोब) विद्युत्‌क्रिया, औषधे ही कारणे सुचवली जातात. एकही सर्वमान्य नाही.

अमेरिकेत मात्र हा विषय बाजारात उतरला. डॉन पायपर यांचे ‘90 मिनिट्स इन हेवन’ (2004) व बर्पो कुटुंबाचे ‘हेवन इज फॉर रिअल’ (2010) प्रचंड खपले. स्वर्गातून परतल्याच्या अशाच दुसऱ्या एका पुस्तकातील मुलाने 2015 मध्ये आपली कथा खरी नसल्याचे जाहीरपणे सांगितले आणि प्रकाशकाने ते मागे घेतले. प्रसिद्धीचे ओझे मोठ्यांनी लहान मुलावर टाकणे हे त्यातले सर्वांत क्लेशकारक. त्याआधीच, 2014 मध्ये, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील प्रॉटेस्टंट संघटनेने ठराव करून परलोकाविषयी पवित्र शास्त्रच पुरेसे असल्याचे म्हटले होते. कॅथलिक चर्च अशा दर्शनांना फार तर खाजगी साक्षात्कार मानते. त्यांवर विश्वास ठेवणे श्रद्धावंतावर बंधनकारक नाही. मृत्यूनंतर शुद्ध आत्म्यांना लगेच देवदर्शन घडते, ही त्या चर्चची अधिकृत शिकवण पोप बारावा बेनेडिक्ट याने 1336 मध्ये ठरवली आणि ती अशा कुठल्याही अनुभवकथनावर अवलंबून नाही.