ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ व गोदावरी खोऱ्यातील अवर्षणे

चुनखडकातील गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यामुळे तळावर जो कॅल्साइटाचा खुंटासारखा स्तंभ वर वाढत जातो, त्यास ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ (स्टॅलॅग्माइट) म्हणतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते व चुनखडक विरघळवते. गुहेतील हवेत तो वायू निसटला की कॅल्साइटाचा पातळ थर साचतो. ही वाढ वर्षाला बहुधा मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते.

परभणी जिल्ह्यात असे स्तंभ नाहीत. तेथील भूमी सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाची असून चुनखडकाच्या गुहा तीत तयार होत नाहीत. काळ्या मातीत मिळणारे चुनखडे हे कॅल्शियम कार्बोनेटाचेच, पण निराळ्या प्रकारचे होत. तथापि परभणीच्याच अक्षवृत्तावर (सु. १९° उ.), पूर्वेस सु. ५५० किमी.वर बस्तरमधील दंडक गुहा आहे. कांगेर नदीच्या या प्रदेशातील पाणी अखेर गोदावरीसच मिळते.

दंडक गुहेतील एका स्तंभाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याबरोबर स्तंभात युरेनियम येते, थोरियम जवळजवळ येत नाही. म्हणून थरात युरेनियमापासून निपजलेल्या थोरियमाच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते. पाऊस भरपूर असेल, तर त्याच्या पाण्यात जड ऑक्सिजनाचे (ऑक्सिजन-१८) प्रमाण कमी असते आणि ते थरात नोंदले जाते. या पद्धतीने इ. स. ६०० ते १५०० या काळातील मॉन्सूनचा आलेख मिळाला. चौदाव्या शतकात व पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकदा दशकानुदशके मॉन्सून क्षीण होता, असे त्यावरून दिसते.

इतिहासाच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा आहे. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) १३९६ मध्ये सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचे वर्णन केले आहे. परंपरेनुसार तो बारा वर्षे टिकला. गोदावरी व कृष्णा यांमधील मुलूख ओस पडला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तेथून वसूल फारच थोडा येई. गोदावरीच्या दक्षिणेकडील गंगाखेडचा भाग याच मुलखात मोडतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना लुटविल्याची कथाही पंधराव्या शतकातील बहमनी अमदानीचीच.

बारा वर्षांचा आकडा अनेक अभ्यासकांना अतिशयोक्त वाटणे साहजिक होते. स्तंभातील पुराव्याने तो शब्दशः सिद्ध होत नाही; कालमापनात काही वर्षांची चूक संभवते आणि दुष्काळाची तीव्रता युद्धे, सारा व धान्याची वाहतूक यांवरही अवलंबून असते. थर फक्त पावसाचे सांगतो, कोठाराचे नव्हे. मात्र दीर्घकालीन अवर्षणाची लोकस्मृती निराधार नव्हती, एवढे मानण्यास प्रत्यवाय नाही.

भारतातील पर्जन्याच्या सलग, देशव्यापी यांत्रिक नोंदी १८७१ पासूनच्या उपलब्ध आहेत. त्यांना मागे नेणारा दुसरा स्तंभ उत्तर कन्नड जिल्ह्यातील अकलगवी गुहेतला. त्याच्या वार्षिक थरांतून १६६६ ते १९९६ अशा ३३१ वर्षांची माहिती काढण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे गो. ब. पंत यांचा सहभाग होता.