'मॅट्रिकपर्यंत' शिकलेल्यांचं काय झालं?

आमच्या घरी आजोबांबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं: "ते मॅट्रिकपर्यंत शिकले होते." लहानपणी मला त्यात काही खटकलं नाही. पीएचडीला लागल्यावर खटकलं. 'पर्यंत' म्हणजे नक्की काय? पास, नापास, की परीक्षेला बसलेच नाहीत? तुमच्याही घरात असं एखादं 'पर्यंत' असेल. माध्यमिक शाळांच्या इतिहासावर काम करणार असाल तर हा शब्द तुम्हाला सारखा आडवा येईल.

मुळात मॅट्रिक ही शाळेची परीक्षा नव्हतीच. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि आपल्याकडे कोणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी त्याने 1859 मध्ये ही प्रवेशपरीक्षा घेतली. पहिल्याच तुकडीत रानडे आणि भांडारकर होते. म्हणजे दार विद्यापीठाचं, पण रांग हायस्कुलात लागली. पुढे नोकरीसाठीही मॅट्रिक विचारली जाऊ लागली, मग ज्यांना कॉलेजात जायचंच नव्हतं ती मुलंही त्याच रांगेत आली. 1882 च्या हंटर आयोगाने वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-व्यवहाराची. दुसऱ्या वाटेने फारसं कोणी गेलं नाही.

याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. आपण ते प्राथमिक शिक्षणापुरतं वाचतो आणि सोडून देतो. पुढेही वाचा. मुंबई विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला खासगी विद्यार्थ्यांना बसू देतं, तीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्या, अशी मागणी त्यात आहे. शाळेच्या भिंतीबाहेर बसून अभ्यास करणारा विद्यार्थी फुल्यांना दिसत होता. आपल्या प्रबंधांत तो अजून नीटसा आलेला नाही.

परीक्षेला नुसतं पोचणंही सोपं नव्हतं. राजकोटच्या मोहनदास गांधींनी 1887 मध्ये मॅट्रिक दिली तेव्हा केंद्रं दोनच, मुंबई आणि अहमदाबाद. जवळचं आणि कमी खर्चाचं म्हणून त्यांनी अहमदाबाद धरलं, आणि तिथवर एकटेच गेले. 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना तिथेच दिलं. नुसतं पास होण्यासाठी सभा भरते, यावरून काय ते ओळखा.

आता अडचण अशी, की ही सगळी पास झालेल्यांची नावं आहेत. विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं उघडलीत तर उत्तीर्णांच्या याद्या मिळतील. नापासांची यादी कोण छापणार? ते उरतात फक्त बेरजेत, किंवा 'नॉनमॅट्रिक' या शब्दात. मी पहिलं वर्षभर या याद्यांवरूनच 'विद्यार्थ्यांचा' इतिहास लिहीत होतो, हे कबूल करतो.

मग एका जुन्या हायस्कूलमध्ये जनरल रजिस्टर पाहायला मिळालं. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि मग 'अभ्यासातील प्रगती', 'वर्तणूक', 'शाळा सोडल्याचे कारण'. प्रगतीचा रकाना बघून हुरळून जाऊ नका. शंभरातल्या नव्वद मुलांपुढे 'बरी' लिहिलंय, एकाच शाईत, बहुधा एकाच बैठकीत. खरी माहिती कारणाच्या रकान्यात असते: 'सतत गैरहजर', 'परगावी गेला', 'फी थकली'. आणि तारखा जुळवून पाहा. परीक्षेच्या आधी दोन महिने नाव कमी झालेला मुलगा आणि निकालानंतर आठवड्यात दाखला नेलेला मुलगा, दोघेही घरच्यांच्या भाषेत 'मॅट्रिकपर्यंत'च शिकलेले.

1949 पासून मुंबई राज्यात विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली. शब्द मात्र राहिला; आमच्या गावात अजून दहावीच्या पोरांना "यंदा मॅट्रिक ना?" असंच विचारतात.

आजोबांची नोंद सापडली. साल 1946. प्रगती 'बरी', वर्तणूक 'चांगली'. कारण: 'मॅट्रिक परीक्षेस बसला'. निकाल काय लागला ते रजिस्टर सांगत नाही. त्याच पानावर त्याच तारखेला आणखी चार मुलांपुढे तेच वाक्य आहे. सध्या मी त्या चौघांची घरं शोधतोय.