‘जुम्मा चुम्मा’ कोणी गायले?

‘जुम्मा चुम्मा दे दे’ हे गाणे ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे मिळणे कठीण. पण ते गायले कोणी, म्हणून विचारून बघा. बेळगावच्या विमानतळामुळे आता सर्वांना माहीत झालेल्या सांबऱ्यात, नात्यातल्या एका लग्नाच्या वरातीत मी विचारले होते. बँडने ते गाणे धरले होते आणि मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारे सगळे एकाच ठेक्यावर नाचत होते. “अमिताभच गायलाय की!” खास बेळगावी थाटात उत्तर आले.

अमिताभ नव्हे. ते गाणे सुदेश भोसले यांचे, सोबत कविता कृष्णमूर्ती. मुकुल आनंद यांचा ‘हम’, साल १९९१, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे.

सुदेशचे वडील सिनेमाची पोस्टरे रंगवायचे. मुलानेही तो ब्रश हातात धरला. आई सुमनताई शास्त्रीय गायिका आणि आजी दुर्गाबाई शिरोडकर आग्रा घराण्याच्या. (शिरोडकर म्हटले की आपले कान लगेच टवकारतात!) म्हणजे घरात सूर होताच. पुढे नाव झाले ते मात्र नकलांमुळे. राहुलदेव बर्मन यांनी त्याला ‘जलजला’मध्ये गायला लावले, १९८८ साली.

आदल्याच वर्षी किशोरकुमार गेले होते. अमिताभसाठी आता कोण गाणार? किशोरचा आवाज अमिताभला शोभायचा, पण तो किशोरचाच राहायचा. सुदेशने उलटे केले. अमिताभ बोलतो त्याच आवाजात तो गायला. त्यात अमिताभने स्वतः ‘मेरे अंगने में’, ‘रंग बरसे’ गाऊन ठेवलेले, त्यामुळे लोकांना शंका यायचे कारणच उरले नाही.

चालीचे मूळ थेट आफ्रिकेत, गिनी देशाच्या मोरी कान्ते यांच्या गाण्यात. बप्पी लाहिरींनी ‘थानेदार’साठी ‘तम्मा तम्मा’ तिथूनच उचलले होते. असो.

‘हम’साठी अमिताभला फिल्मफेअर मिळाले, या गाण्याच्या नृत्यासाठी चिन्नी प्रकाश यांनाही मिळाले. गायकाचे त्या वर्षीचे पारितोषिक मात्र ‘साजन’साठी कुमार सानूंना गेले. सानू चांगलेच गायले होते, तक्रार नाही. पण हुबेहूब नक्कल करून वर तालासुरात गाणे, तेही असे दमदार, याला आपण नुसती मिमिक्री म्हणून बाजूला सारतो हे मला पटत नाही. पट्टीतला भजनी बुवासुद्धा दुसऱ्याचा गळा घेऊन अख्खे गाणे निभावताना धापा टाकील.

‘बागबान’ (२००३) मिळाला तर ऐका. ‘होली खेले रघुवीरा’मध्ये खुद्द अमिताभ आहे, ‘मेरी मखना’मध्ये सुदेश. आधी सांगितले नाही तर फरक ओळखणे सोपे नाही.

आणखी एक. संजीवकुमार १९८५ साली गेले, त्यांचा ‘प्रोफेसर की पडोसन’ १९९३ साली पडद्यावर आला. त्यातले त्यांचे राहिलेले संवाद सुदेशने म्हटले आहेत. कुठे संजीवकुमार थांबतात आणि कुठे सुदेश सुरू होतो, ते मला अजून सापडलेले नाही.