यूट्यूब-इन्स्टाग्रामच्या कमाईवर आयकर: कोणता खर्च वजा होतो?

यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे, एखाद्या ब्रँडसाठी केलेल्या रीलचे मानधन, अ‍ॅफिलिएट लिंकवरचे कमिशन ही सगळी कमाई आयकराच्या भाषेत साधारणपणे ‘व्यवसाय किंवा पेशापासूनचे उत्पन्न’ ठरते. या सदरात कर एकूण जमा रकमेवर लागत नाही. ती रक्कम मिळवण्यासाठी केलेला खर्च वजा करून जो नफा उरतो, त्यावर लागतो. पगारदारांना नव्या करप्रणालीत मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट इथे नाही, तिच्या जागी प्रत्यक्ष खर्च आहे.

‘नव्या करप्रणालीत काहीच वजा होत नाही’

हा सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. नव्या प्रणालीत मिळत नाहीत त्या ८०सी, ८०डी यांसारख्या वजावटी, म्हणजे पीपीएफ, आयुर्विमा, आरोग्य विम्याचा हप्ता वगैरे. एडिटरला दिलेले पैसे किंवा सॉफ्टवेअरचे भाडे हा वेगळा प्रकार आहे. तो नफा मोजण्याचाच भाग असल्यामुळे दोन्ही प्रणालींत वजा होतो. केवळ खर्च दाखवता यावा म्हणून जुनी प्रणाली घेण्याची गरज नाही. शिवाय व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. फॉर्म १०-आयईए भरून जुन्या प्रणालीत गेलात आणि नंतर नव्या प्रणालीत परतलात, तर व्यवसायाचे उत्पन्न सुरू असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद.

कामाचा खर्च कोणता, घरचा कोणता?

२०२५-२६ या आर्थिक वर्षाला १९६१ चाच कायदा लागू आहे (नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात). त्यातले कलम ३७(१) सांगते की खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, तो वैयक्तिक नसावा आणि भांडवली नसावा. एडिटर, थंबनेल करणारा, स्टुडिओचे भाडे, संगीताचा परवाना, सीएची फी यांत वाद होत नाही.

वाद होतो तो दुहेरी वापराच्या गोष्टींत. रेसिपीच्या चॅनेलसाठी आणलेला किराणा हा कामाचा खर्च आहे, पण महिन्याचा सगळा किराणा नाही. एका खोलीत शूटिंग होत असेल तर भाडे आणि विजेच्या बिलाचा तेवढाच वाटा धरायचा आणि तो कसा काढला, हे कुठेतरी लिहून ठेवायचे. इंटरनेटचेही तसेच. कुटुंबासह केलेली गोव्याची सहल एका व्लॉगमुळे व्यवसायाची होत नाही. नेहमी घालता येतील अशा कपड्यांचे बिल लावणेही आमच्या मते धोक्याचे.

बिल नसेल तर दावा लंगडा पडतो. रोखीत तर आणखी एक अट आहे: एकाच व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च सहसा नामंजूर होतो. कॅमेरा धरणाऱ्या मुलाचे पैसेही यूपीआयने दिलेले बरे.

कॅमेरा, लॅपटॉप आणि घसारा

ही उपकरणे अनेक वर्षे वापरात राहतात, म्हणून त्यांची किंमत एकदम वजा होत नाही. दरवर्षी घसारा मिळतो: संगणक-लॅपटॉपवर ४० टक्के, कॅमेरा-मोबाइलसारख्या यंत्रांवर १५ टक्के, फर्निचरवर १० टक्के. पहिल्या वर्षी वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. ८० हजारांचा लॅपटॉप ऑगस्टमध्ये घेऊन वापरायला लागलात तर ३२ हजार वजा होतात, डिसेंबरमध्ये घेतलात तर १६ हजार. राहिलेला भाग बुडत नाही, तो पुढच्या वर्षांत मिळत राहतो.

‘फुकट’ आलेला फोन

ब्रँडने रिव्ह्यूसाठी पाठवलेला फोन परत केलात तर प्रश्न नाही. ठेवून घेतलात तर ते तुमचे उत्पन्न. एका वर्षात अशा लाभांची किंमत २० हजारांच्या वर गेली की कलम १९४आर प्रमाणे १० टक्के टीडीएस लागतो. फोनमधून दहा टक्के कापता येत नाहीत, त्यामुळे काही ब्रँड आधी कर भरल्याचे चलन मागतात, तर काही तो स्वतः भरतात. ही नोंद तुमच्या २६एएसमध्ये दिसते, म्हणून रिटर्नमध्ये ती वगळली की नोटिशीला निमंत्रण. फायद्याची बाजू फारशी कोणी सांगत नाही: उत्पन्नात धरलेली किंमत हीच त्या वस्तूची खरेदी किंमत मानून, वस्तू कामात वापरत असाल तर, तिच्यावर घसारा घेता येतो.

५० टक्क्यांचा सोपा रस्ता

समजा वर्षाची जमा २० लाख आणि खरा खर्च ६ लाख. नफा १४ लाख, नव्या प्रणालीत कर उपकरासह ९३,६०० रुपये. कलम ४४एडीएखाली मात्र हिशेब न ठेवता जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. नफा १० लाख, आणि १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य! मोह समजण्यासारखा आहे. पण हे कलम ठरावीक पेशांसाठीच आहे: वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, चित्रपट कलाकार आणि आणखी काही. त्या यादीत ‘कंटेंट क्रिएटर’ असा स्पष्ट उल्लेख नाही, आणि ‘चित्रपट कलाकार’ची व्याख्या चित्रपट निर्मितीशी जोडलेली आहे. रिटर्नमध्ये सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोड आला, पण कोड मिळाल्याने कलम आपोआप लागू होत नाही. उद्या अधिकाऱ्याने हरकत घेतली तर कर आणि व्याज दोन्ही येईल, आणि खरा खर्च दाखवायला हातात बिले नसतील. या रस्त्याने जायचे तर सीएचे लेखी मत घ्या, आणि बिले तरीही ठेवा.

अमेरिकेत कापलेला कर

अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर यूट्यूब २०२१ पासून तिथला कर कापते. करविषयक माहिती भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला असेल तर १५ टक्के. माहितीच दिली नसेल तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. हा कापलेला कर खर्चात टाकायचा नाही. कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि फॉर्म ६७ भरून भारतातल्या करातून त्याची वजावळ मागायची. बँकेत जमा झालेली रक्कम पाहून रिटर्न भरणाऱ्यांचा नेमका इथेच घोळ होतो.