गाडीचे नाक

कोल्हापूरच्या यंत्रविद्येची बखर सांगावयास बसलेल्या मनुष्याची नजर साहजिकच थोरामोठ्या वस्तूंवर खिळते. १९०६ साली शाहू छत्रपतींनी स्थापिलेली कापडगिरणी, बाबूराव पेंटरांनी विलायती नमुन्यावरून स्वतःच्या हातांनी सिद्ध केलेला चलच्चित्राचा कॅमेरा व १९२० साली पडद्यावर आलेली त्यांची ‘सैरंध्री’, राजाराम महाराजांची ती लांबलचक मायबाख मोटार, जिचे दर्शन दसऱ्याच्या शाही सोहळ्यात आजही प्रजाजनांस घडते, या मानकऱ्यांच्या पंक्तीला बोराएवढ्या एका धातूच्या टोपणास बसविण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. तरीही मोटारीच्या मागच्या आसावर, ज्याला आपले मेस्त्री लोक नुसते ‘हाऊजिंग’ म्हणतात त्याच्या माथ्यावर, चिखलाच्या थराखाली दडून बसणाऱ्या या टोपणाविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते; कारण या शहराच्या गराजांत जी विद्या कोणत्याही दप्तरात नोंद न होता गुरूकडून शिष्याकडे गेली, तिचा एक अस्सल नमुना या टोपणापाशी हाती लागतो. त्याचे नाव ब्रीदर.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती संकटप्रसंगी. गगनबावड्याच्या मुसळधार पावसातून परतताना आमच्या जुन्या जीपचा मागचा ब्रेक धरेनासा झाला, तेव्हा एका नावाजलेल्या कार्यशाळेने चाक उघडून तेलाने माखलेले लायनर बदलले, ऑइल सील बदलले, व रीतसर पावती दिली. दोन महिन्यांत पुन्हा तोच प्रकार, पुन्हा तीच दुरुस्ती आणि तशीच पावती. तिसऱ्या खेपेस कोणीतरी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयोवृद्ध मेस्त्रींचे दार दाखविले. त्यांनी चाकाला हातदेखील लावला नाही. पोत्याचा एक तुकडा जमिनीवर टाकून ते गाडीखाली सरकले, बोटाने चिखल खरवडला, टोपण फिरते का ते चाचपले, आणि खालूनच म्हणाले, “सील बदलून काय हुतंय, मालक? नाक चोंदलंय हिचं. तोंडानं श्वास घ्याय लागलीया.” पाना लावून त्यांनी ते टोपण उतरविले, तेव्हा आतून सायकलीच्या व्हॉल्व्हसारखा एक दीर्घ सुस्कारा निघालेला मी स्वतःच्या कानांनी ऐकला. टोपण रॉकेलात धुऊन परत बसविण्यास दहा मिनिटे लागली असतील. त्यानंतर ते सील कित्येक वर्षे टिकले.

नाक आणि तोंड ही उपमा किती शास्त्रशुद्ध होती हे पुढे सवडीने ध्यानात आले. हाऊजिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या घरात, तेल असते ते अर्ध्याहूनही कमी जागेत, उरलेल्या जागेत हवा असते. गाडी घाट चढू लागली म्हणजे दात्यांच्या घर्षणाने तेल तापते, व त्याबरोबर ती हवाही तापते; तीस अंशांवरून ती नव्वद अंशांवर गेली तर कोंडलेल्या स्थितीत तिचा दाब सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. ब्रीदर मोकळा असेल तर ही वाढीव हवा वरच्या वर निघून जाते. तो बुजलेला असेल तर तिला एकच वाट उरते, ती म्हणजे आसाच्या दोन्ही टोकांची व पिनियनच्या तोंडाची सीले. सीलच्या रबरी ओठाची ठेवण अशी असते की आतला दाब प्रारंभी त्याला अधिकच घट्ट बसवितो. परंतु हा दाब नित्याचा झाला म्हणजे ओठ झिजतो, तेल पाझरते, आणि थेट ब्रेकच्या लायनरवर जाऊन बसते. याहून कठीण प्रसंग उलट्या दिशेचा. तापलेला आस ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा एकाएकी आकसते व आत ओढ निर्माण होते. बाहेरून आत येणाऱ्या ओढीपुढे तोच ओठ सहज उचलला जातो, आणि घर पाणी पिते. तेल पुढे ताकासारखे पांढरट होते, बेअरिंगांवर गंज चढतो, आणि एखाद्या दिवशी क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी करकरू लागते.

आता हा सारा खटाटोप मुळात कशासाठी, असे आपल्या बैलगाडीने विचारले असते तर ते तिला शोभले असते. तिचा आस स्थिर, आणि दोन्ही चाके त्यावर आपापल्या मर्जीने फिरणारी; वळणावर बाहेरच्या चाकाने अधिक अंतर कापावे, आतल्याने कमी, यात तंट्याचे कारणच नव्हते. गाडीवानाची यंत्रविद्या गाडीखाली लोंबणाऱ्या वंगणाच्या नळकांड्यात मावत असे; चाकाचा तुंबा कुरकुरला की खीळ काढावी, वंगण फासावे व पुढे चालू लागावे. शाहू महाराजांचा प्रसिद्ध ‘खडखडा’, जो स्वतः हाकीत ते नव्या घोड्यांना वळण लावीत, त्याची गोष्टही हीच. ओढणारा जीव पुढे आणि चाके मागे निमूट फिरणारी. कलह सुरू झाला तो चाकांनाच ओढण्याचे काम सांगितले गेले तेव्हा. एकाच आसाने दोन्ही चाके फिरविली तर वळणावर एकाने घसटत जावे लागते, आणि हा तंटा मिटविणारी दातेरी चक्रांची युक्ती, म्हणजेच डिफरन्शियल, पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी काढली. १८७७ साली इंग्लंडात जेम्स स्टार्लीने तिला तीनचाकी सायकलीवर आणले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने जगातील यच्चयावत मोटारींच्या मागच्या चाकांची भांडणे सोडविली, ही गोष्ट आमच्या उद्यमनगरात सांगितली तर तेथे कोणालाही तिचे नवल वाटणार नाही.

पुढे १९२६ साली अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींत ‘हायपॉइड’ जातीचे दाते आले, ज्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसते व दाते एकमेकांवर लोळता लोळता घसटतही असतात. या घसटण्यासाठी गंधकयुक्त जाड तेल लागू लागले, ज्याचा कुजका दर्प मेस्त्रीच्या कपड्यांना आठवडाभर सोडीत नाही. घासणी आली म्हणजे उष्णता आली, व उष्णता आली म्हणजे कोंडलेल्या हवेला वाट देण्याची तजवीज आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा देशभर लिलावात निघाल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा दरबारी मोटारींचा जमाना मावळत होता आणि सर्वसामान्य माणसाच्या दारी येणाऱ्या या चौकोनी, उघड्याबोडक्या गाडीचा उगवत होता.

परंतु जीप देशात सर्वत्र आली. मग ब्रीदरविषयीची ही सावधानता कोल्हापुरास विशेष का सुचावी? माझ्या मते त्याचे उत्तर पाण्यात आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून निघालेली पंचगंगा आणि तिच्या या उपनद्या जो मुलूख भिजवितात, त्यात पश्चिमेस सह्याद्रीचे उभे घाट आणि पूर्वेस उसाची काळी जमीन असून, या दोहोंमध्ये नदी अडविण्याची जी पद्धत निघाली तिला पाटबंधारे खात्याच्या कागदपत्रांत ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असेच नाव आहे. ठराविक अंतरावर दगडी खांब, त्यांच्या खाचांत पावसाळ्यानंतर बसवावयाचे बरगे, आणि खांबांवरून गेलेली अरुंद वाट, असे त्याचे साधे रूप. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढून घेतले जातात, नदी मोकळी वाहते, आणि पाणी चढले की ती वाट पाण्याखाली जाते. ‘अमुक बंधारे पाण्याखाली’ हे वृत्त आमच्याकडे श्रावणातल्या सणांइतके नियमित. आता पल्याड गाव आहे, गावात दूध आहे, बाजार आहे, बाळंतीण आहे. बंधाऱ्यावर वीतभर पाणी असले म्हणून कोण थांबतो? राधानगरीच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूने आस तापवीत उतरलेली गाडी थेट त्या थंड पाण्यात शिरते. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात जो अपवादात्मक प्रसंग म्हणून सांगितला जातो, तो येथे आषाढ-श्रावणात रोजचा व्यवहार होता.

हा व्यवहार सर्वाधिक सोसला तो वडापच्या गाड्यांनी. वडाप हा शब्द कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकास समजावून सांगावा लागेल: जेथे एस.टी. वेळेवर पोचत नाही तेथे माणसे भरभरून नेणारी खाजगी जीप, पुढे ट्रॅक्स. नऊ जणांच्या जागेत पंधरा, दोघे मागच्या पायरीवर, टपावर भाजीच्या पाट्या. या ओझ्याने आस तापावयाचा, पाण्यात भिजावयाचा, आणि ज्या चालकाला सकाळची फेरी बुडविणे परवडत नसे, तो रात्रीच मेस्त्रीचे दार ठोठावीत असे. उसाच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून सुटे भाग, सुट्या भागांतून ओतकाम, व ओतकामातून कारखाने असा ज्या उद्यमनगराचा विस्तार झाला, त्याच्या कडेकडेच्या गराजांत या रात्रीच्या दुरुस्त्यांनी एक पाठ पक्का केला. मृग लागण्यापूर्वी ब्रीदर काढावा, धुवावा, फुंकून पाहावा. बंधाऱ्याचे बरगे निघण्याच्या आणि ब्रीदर निघण्याच्या या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडतात, ही माझी टिपणी. मेस्त्रींनी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

तपासण्याची रीत पाहावी तर हत्यारांची गरज फारशी नाही. टोपणाचा ब्रीदर असेल तर ते बोटाने फिरले पाहिजे व किंचित वरखाली हलले पाहिजे. अडकले असेल तर आतील स्प्रिंग गंजली समजावी. नळीचा असेल तर नळी उपसून तोंडाने फुंकावी, आणि गालाला भार न पडता वारा पलीकडे गेला पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा एकदम मारण्यास जुने मेस्त्री सक्त हरकत घेत, कारण नळी जोडलेली असताना ती मारली तर कचरा थेट घरात जातो, व ज्या सीलला वाचवावयाचे तेच फाटते. खंडेनवमीला गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालण्यापूर्वी फवाऱ्याचे पाणी हाऊजिंगच्या माथ्यावर धरणाऱ्या हेल्पर पोराने त्याच मेस्त्रींच्या शिव्या खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. पूजा त्यानंतर यथासांग झाली.

या विद्येची मोठी कसोटी महापुराच्या वर्षांत लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने, जिची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, ५५ फुटांची रेषा ओलांडली. शिरोलीजवळ महामार्ग बंद होऊन ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर गराजांसमोर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे इंजिन सुरू होते की नाही, याचीच मालकांना चिंता. मेस्त्री मात्र आधी हाऊजिंगच्या तळाचा नट सैल करीत. पाणी तेलाहून जड, सबब ते तळाशी बसलेले असते. नट अर्धा सुटला की प्रथम पाण्याची स्वच्छ धार लागे, मग ताक, मग काळे तेल. पहिली धार किती वेळ टिकते हे ते मनात मोजीत, व त्यावरून घर किती प्यायले, बेअरिंग उघडावे की केवळ तेल बदलून भागेल, याचा निवाडा करीत. ज्यांचे ब्रीदर मोकळे होते त्यांच्याही घरात पाणी गेले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिवसचे दिवस बुडून राहिलेल्या गाडीला मोकळे नाक उलट बाधतेच. ब्रीदरला लांब नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच नेण्याची युक्ती, जी डोंगरदऱ्यांतून गाड्या पळविणाऱ्या हौशी मंडळींत पूर्वीपासून होती, तिचा स्वीकार साध्या मालवाहू गाड्यांसाठीही मग काहींनी केला.

अलीकडे या मुलखात एक नवी जात दिसू लागली आहे: दोघांनी शेजारी-शेजारी बसावयाचे, लोखंडी पिंजऱ्याचे, लठ्ठ टायरांचे ते वाहन, ज्याला इंग्रजीत ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. अमेरिकेच्या पोलारिस कंपनीने २०११ साली भारतात पाऊल ठेवल्यापासून फार्महाऊसांवर व पर्यटनस्थळी अशा गाड्या क्वचित आढळतात. नळीने श्वास घेण्याची सोय यांत कारखान्यातूनच येते. परंतु पुढच्या डिफरन्शियलमध्ये तेल कित्येकदा जेमतेम पाव लिटर. जीपला जे चमचाभर पाणी पचले असते ते येथे विषासारखे बाधते.

गेल्या मे महिन्यात त्याच मेस्त्रींच्या गराजात, जेथे आता त्यांचा नातू काम पाहतो, अशी एक गाडी आली होती. सहा महिने ती आंब्याच्या बागेत झाकून ठेवली होती, आणि पहिल्याच फेरीत पिनियनच्या सीलमधून तेल टपकू लागले होते. नातवाने सीटखालून मागच्या डिफरन्शियलची नळी उपसली, ओठांत धरली, गाल फुगविले, वारा जाईना. मग त्याने सायकलीचा एक आरा घेऊन हलक्या हाताने आत फिरविला, आणि तळहातावर सुकलेल्या मातीचा एक गोळा पडला. कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी घर बांधले होते. गोळा फुटला त्या बाजूने आत ओळीने रचलेले मूर्च्छित कोळी आणि त्यांच्यात वळवळणारी पांढरी अळी दिसत होती. म्हाताऱ्या मेस्त्रींनी खुर्चीवरूनच वाकून पाहिले. “हिचं बाळंतपण झालंया हितं,” ते म्हणाले. नातवाने नळी धुतली, तिच्या टोकाला मोटरसायकलीचा एक छोटा पेट्रोल फिल्टर खोचला, तोंड खाली वळवून क्लिपने आवळले, आणि गाडी बाहेर काढली. तो मातीचा गोळा झाडूने लोटण्यास पोरगा पुढे झाला, तेव्हा मेस्त्रींनी त्याला हाताने थांबविले, व गोळा उचलून खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवावयास सांगितले.