पेशींचे वाचन

डोळ्याच्या पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, पारदर्शकता आपण गृहीत धरतो. ती टिकवून धरतो पेशींचा एकच थर. पारपटलाच्या आतल्या बाजूस असलेल्या या बहुतांशी षट्कोनी पेशी त्यातले पाणी सतत उपसत असतात. त्या मेल्या तर त्यांच्या जागी सहसा नव्या जन्मत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून पोकळी भरतात. तारुण्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३००० असणारी त्यांची संख्या ५००च्या आसपास उतरली की पारपटल सुजून धूसर होण्याचा धोका असतो. म्हणूनच येथे मोजणी हे निदान ठरते.

१९२०च्या सुमारास आल्फ्रेड फोग्ट यांनी परावर्तित प्रकाशात हा थर जिवंत डोळ्यात पाहिला. डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ साली त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक वर्णिला आणि १९७०च्या दशकात रुग्णांच्या डोळ्यांतील या पेशींची छायाचित्रे घेतली जाऊ लागली. मात्र ती वाचायची कोणी? छायाचित्रावर चौकट आखून माणूस एकेक पेशी मोजत असे. चौकटीने कापलेल्या पेशींचे काय, यासाठी संकेत ठरला: लगतच्या दोन बाजूंवरच्या घ्यायच्या, उरलेल्या दोन बाजूंवरच्या सोडायच्या. संहितेच्या सीमा कोठे आखाव्यात या आपल्या वादाचेच हे दुसरे रूप नव्हे काय?

हे काम यंत्राकडे सोपवताना वापरलेली एक रीत आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. तिचे नाव भूगोलातून आले आहे: जलविभाजक. चित्र हा डोंगराळ प्रदेश मानायचा, पेशींच्या काळ्या कडांना उंची द्यायची आणि खोलगट भागांतून पाणी चढू द्यायचे. दोन खोऱ्यांचे पाणी जेथे भेटेल तेथे सीमा. ल्यूक व्हिन्सेंट आणि बॅरी मास्टर्स यांनी १९९२ साली अशा आकारशास्त्रीय पद्धती याच पेशींच्या चित्रांना लावल्या. पुढे २०१५ साली ‘यू-नेट’ ही जाळेरचना आली. २०१८ साली आना फाबियान्स्का यांनी ती या चित्रांसाठी वापरली. या रीतीत नियम लिहून देण्याची गरज नव्हती. माणसांनी आखलेल्या सीमा पाहून यंत्र स्वतः शिकत होते.

येथेच आपण थबकले पाहिजे. यंत्राचे गुरू शेवटी ते जुने वाचकच. त्यांच्या आखणीतले दोष शिष्याकडेही येऊ शकतात. फुक्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात चित्रावर काळे डाग पडतात, पेशींच्या कडा दिसेनाशा होतात आणि यंत्राची मोजणी चुकू शकते. नेत्रपेढीत दात्याचे पारपटल रोपणास योग्य आहे की नाही, हे ठरवताना ही संख्या पाहिली जाते. चुकीच्या वाचनाने एखादे दान वाया जाईल, किंवा दुबळे पारपटल कोणाच्या तरी डोळ्यात बसवले जाईल.

यंत्राचा वेग आणि सातत्य आम्ही नाकारत नाही. पण चित्र जेथे अस्पष्ट होते, तेथे वाचकाची जबाबदारी संपत नाही. उलट, ती तेथेच सुरू होते.